घोड्याच्या एकाच नाकपुडीतून पू येतोय? औषधाआधी नाकात बघा

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. त्याच्या टाळूचा मागचा मऊ पडदा स्वरयंत्राला खालून घट्ट बिलगलेला असतो, त्यामुळे हवेला रस्ता एकच, नाकाचा. तरीही नाकात वाढलेला गोळा कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याचं एका नाकपुडीवरही भागतं. पळवलं, चढ चढवला किंवा वरातीत दोन तास नाचवलं की मग घरघर ऐकू येते. तोवर बहुतेकांनी सर्दी समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स देऊन झालेले असतात.

तबेल्यात याला 'नाकात मांस वाढलंय' म्हणतात. पॉलिप हा त्यातला एक प्रकार. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तराला, मधल्या पडद्याला किंवा वरच्या दाढेच्या खोबणीला दीर्घकाळ दाह राहिला की तिथली ऊती फुगत, लांबत जाते आणि देठाला लोंबणारा गुळगुळीत गोळा तयार होतो. तो बहुधा एकाच बाजूला आणि एकच असतो. कॅन्सर नसतो, पण जागा अडवतो, चोळला गेला की रक्त येतं आणि मागे साठलेला शेंबूड कुजतो. अडचण अशी की नाकात मांसासारखं दिसणारं सगळंच पॉलिप नसतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने ओळख पटण्याआधी हात घालण्यात अर्थ नाही.

हात लावण्यापूर्वी

हातमोजे आणि मास्क घाला, घोडा इतरांपासून वेगळा बांधा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवा. कारण ग्लँडर्स, हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग. नाकातून चिकट, पिवळट-हिरवा स्राव, मधल्या पडद्यावर व्रण किंवा बरे झालेल्या व्रणांचे तारेसारखे वण, अंगावर किंवा पायाच्या आतल्या बाजूला फुटणाऱ्या गाठी यांतलं काही दिसलं तर पुढची तपासणी स्वतः करू नका. हा रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००६ मध्ये तो देशात पुन्हा दिसला तेव्हा महाराष्ट्रातही बाधित घोडे सापडले होते. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याची खबर देणं बंधनकारक आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. रक्तजलाची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. निकाल येईपर्यंत घोडा लग्नाला, जत्रेला, कुठेही न्यायचा नाही.

तबेल्यातली तपासणी

घोडा शांत असताना, सकाळी काम सुरू होण्याआधी बघा. आधी लांबूनच बरगड्यांकडे पाहून श्वास मोजा. विश्रांतीत मिनिटाला ८ ते १४ श्वास ठीक. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, ती २८ ते ४४. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर नुसता गोळा नाही, जंतुसंसर्गही आहे असं धरा.

मग हवेचा प्रवाह. दोन्ही तळवे दोन्ही नाकपुड्यांपासून चार बोटांवर धरा आणि सात-आठ श्वास तसेच थांबा. डाव्या-उजव्यातला फरक तळव्याला स्पष्ट कळतो. शंका असेल तर कापसाचा पातळ धागा एकेका नाकपुडीसमोर धरून तो किती हलतो ते पाहा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तर नाकातून निघणारी वाफच फरक सांगते. यानंतर एक नाकपुडी तळव्याने झाका आणि दुसऱ्या बाजूचा आवाज ऐका, मग उलट. एका वेळी एकच झाकायची आणि दोन-तीन श्वासांपुरतीच. चोंदलेल्या घोड्याची मोकळी बाजू झाकली की तो बिथरतो, मान उडवतो. त्यामुळे समोर उभं राहू नका, खांद्याशी राहा.

वासाकडे दुर्लक्ष नको. एकाच बाजूने सडका वास म्हणजे बहुतेक वेळा दाढ किंवा सायनस (गाल-कपाळाच्या हाडातली पोकळी). घोड्याला वरच्या प्रत्येक बाजूला सहा मोठ्या दाढा असतात. मागच्या चार दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला लागून असतात, तर पुढच्या दोघींची त्याच्या पुढे, म्हणून त्यांचा पू थेट नाकात उतरू शकतो. अशा दाढेच्या तोंडाशी पॉलिप उगवला असेल तर नुसता गोळा कापून उपयोग नाही. दाढ तशीच राहिली की तो परत येतो.

आता बॅटरी घेऊन आत पाहा. नाकपुडीची बाहेरची पाळी अंगठ्याने वर उचला. वरच्या अंगाला जी पिशवी लागते ती खोटी नाकपुडी. तिच्यात बोट जातं आणि पुढे रस्ता बंद होतो. तिथे त्वचेखाली गोल, न दुखणारी, सुपारीएवढी गाठ लागली तर ती पॉलिप नसून त्वचेची पुटी (सिस्ट) असण्याची शक्यता जास्त. ती श्वास अडवत नाही आणि तिची घाईही नसते. खरी नाकपुडी खालची. तिच्या तळाशी, जिथे काळी कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होतं, तिथे भोक पाडल्यासारखं एक छोटं, स्वच्छ छिद्र दिसतं. ते अश्रूनलिकेचं तोंड आहे. अनेक जण ते 'जखम' समजून त्यात मलम भरतात. मलम भरू नका, डोळ्यातून पाणी वाहायला लागतं.

शेवटी जबड्याखालच्या ग्रंथी चाचपा आणि कपाळ व गालाचं हाड दोन्ही बाजूंना बोटाने ठोकून ऐका. पोकळ जागेचा आवाज घुमतो, पू किंवा गोळा भरलेला असेल तर बद्द येतो. ठोकताना घोड्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात, दात नसलेल्या जागी अंगठा घालून तोंड थोडं उघडं ठेवलं तर फरक जास्त नीट ऐकू येतो. डोळ्याखाली चेहरा फुगलेला असेल, त्याच बाजूच्या डोळ्यातून पाणी येत असेल, तर दुखणं नाकापेक्षा खोल आहे.

हे सगळं तारखेसह लिहून ठेवा: कोणती बाजू, स्राव पाण्यासारखा की पू, रक्त केव्हा येतं, पळाल्यावर की उभ्या उभ्या. आवाजाचा आणि स्रावाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा. दवाखान्यात नेल्यावर घोडा नेमका गप्प उभा राहतो.

रंगरूपावरून अंदाज

गुलाबी किंवा फिकट राखाडी, चकचकीत, गुळगुळीत, देठावर लोंबणारा आणि श्वासाबरोबर पुढे-मागे हलणारा गोळा पॉलिपसारखा. लालसर, खडबडीत, वर पांढरे बारीक ठिपके असलेला गोळा दिसला तर ऱ्हायनोस्पोरिडिओसिसचा विचार करा. भारतात हा माणसांत, गुरांत आणि घोड्यांतही आढळतो. त्याचा जंतू बुरशीसारखा भासतो, पण बुरशी नाही, म्हणून बुरशीच्या औषधांवर पैसे घालवून फारसं काही हाती लागत नाही. त्याचा संबंध साचलेल्या पाण्याशी जोडला जातो. भीमथडी तट्टं घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर, जिथे घोडी गावतळ्यात नाक बुडवून पाणी पितात, तिथे ही शक्यता आधी तपासावी. रेसकोर्सच्या पागेतल्या थरोब्रेडमध्ये ती मागे ठेवली तरी चालेल.

हिरवट-पिवळा किंवा तांबूस-काळपट डागाळलेला गोळा, नाकाच्या अगदी मागे, आणि अधूनमधून एका नाकपुडीतून विनाकारण थोडं रक्त: हे एथमॉइड हिमॅटोमाचं, म्हणजे नाकाच्या मागच्या एथमॉइड हाडावर वाढणाऱ्या रक्ताच्या गोळ्याचं चित्र. तो बहुधा वयस्क घोड्यात दिसतो, हळूहळू वाढतो आणि काढला तरी पुन्हा उगवण्याची त्याला खोड असते. मऊ, फुटलेला, दुर्गंधी येणारा व्रण आणि जबड्याखाली घट्ट गाठ असेल तर कॅन्सर वगळावाच लागेल.

आणि एक वेगळंच प्रकरण: विश्रांतीत असताना अचानक भळाभळा रक्त आलं, थांबलं आणि काही दिवसांनी पुन्हा आलं, तर ते घशामागच्या हवेच्या पिशवीतल्या (गटरल पाऊच) बुरशीचं असू शकतं. तिथे मोठ्या धमनीची भिंत कुरतडली जात असते. पुढच्या रक्तस्रावात घोडा जाऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. पळाल्यानंतर दोन्ही नाकपुड्यांतून येणारं रक्त मात्र बहुतेकदा फुप्फुसातलं असतं, त्याचा नाकातल्या गोळ्याशी संबंध नाही.

दुर्बीण

एका बाजूचा स्राव दोन-तीन आठवडे टिकला किंवा औषध थांबवताच परत आला, तर तिसरा कोर्स देण्यापेक्षा त्या पैशात दुर्बिणीने तपासणी करून घ्या. पुण्याजवळ शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर मुंबईचं परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अशा ठिकाणी आधी फोन करून घोड्यासाठीची दुर्बीण आणि ती हाताळणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का ते विचारा. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावून आधी प्राथमिक तपासणी करून घ्या.

वजन सांगता आलं पाहिजे, कारण भुलीचा डोस किलोवर ठरतो आणि डोळ्याने केलेला अंदाज सहज ५०-६० किलोने चुकतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, म्हणजे किलोमध्ये वजन. घेर १५० आणि लांबी १२५ असलेलं तट्टू सुमारे २३७ किलोचं निघतं. त्याला ४५० किलोच्या थरोब्रेडचा डोस गेला तर ते आडवंच होईल. झायलाझिन हे भुलीचं औषध साधारण किलोला ०.५ ते १.१ मिलिग्रॅम शिरेतून देतात. बाटलीवर २० की १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलंय हे वाचणं हा डॉक्टरांच्या कामाचा भाग आहे, पण शेजारी उभं राहून मोठ्याने वाचायला मालकाला कुणी अडवत नाही.

भूल चढली की घोडा मान खाली टाकतो. डोकं खाली राहिलं की नाकाच्या अस्तरात रक्त साठतं, ते सुजतं आणि चांगला घोडाही घोरायला लागतो. म्हणून डोकं छातीच्या पातळीला टेकूवर किंवा दोघांच्या हातांवर ठेवावं. दुर्बीण नाकाच्या तळाकडच्या वाटेने आत नेतात. वरच्या बाजूने गेली तर मागच्या एथमॉइडला धक्का लागून रक्त येतं आणि मग काहीच दिसत नाही. दोन्ही नाकपुड्या बघायला सांगा, चांगली बाजूसुद्धा. गोळ्याचा देठ नेमका कुठून निघतो हे समजणं इथे सर्वांत मोलाचं. नाकाच्या अस्तरातून असेल तर काम सोपं, दाढेच्या किंवा सायनसच्या तोंडातून असेल तर डोक्याचा एक्स-रे हवाच. शंकेच्या जागी आधी छोटा तुकडा तपासणीला घेतात, पण हिमॅटोमासारखं दिसत असेल तर तुकडा घेताना बरंच रक्त येऊ शकतं. तयारी ठेवूनच घ्यावा.

काढणं

चिमट्याने ओढून काढणं, देठाला दोरा बांधून सोडणं, चुना किंवा टर्पेंटाइन लावणं हे सगळं अजूनही ऐकू येतं. ओढल्याने देठ अर्ध्यात तुटतो, आतलं टोक मागे सरकतं, रक्त थांबवायला बोट पोचत नाही आणि उरलेल्या मुळातून तोच गोळा परत येतो. चुन्याने अस्तर भाजतं आणि पुढे तिथे आकसलेला वण राहतो. कायमचं चोंदणं ते हेच.

नाकपुडीजवळचा, बारीक देठाचा पॉलिप घोडा उभा असताना, झोपेचं औषध आणि लिग्नोकेनने बधिर करून तारेच्या फासाने किंवा दुर्बिणीतून लेझरने काढता येतो. मोठा किंवा खोल असेल तर खोट्या नाकपुडीतून चीर देऊन, नाहीतर कपाळ-नाकाच्या हाडाची झडप उघडून काढावा लागतो. ऱ्हायनोस्पोरिडिओसिसमध्ये गोळ्याबरोबर त्याचं बूडही डागतात, ते राहिलं तर पुनरावृत्ती ठरलेली. हिमॅटोमा लहान असेल तर दुर्बिणीतून त्यात १० टक्के फॉर्मॅलिन टोचतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा टोचतात. पण गोळ्याने मेंदूच्या बाजूचं हाड खाल्लेलं असेल तर तेच फॉर्मॅलिन मेंदूपर्यंत जाऊन घोडा दगावतो.

रक्ताची भीती अवास्तव नको आणि बेफिकिरीही नको. घोड्याचं रक्त वजनाच्या साधारण ८ टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यात ३२ लिटर. चार-पाच लिटरपर्यंतचा तोटा निरोगी घोडा बहुधा पेलतो. जमिनीवर सांडलेलं रक्त नेहमी जास्त वाटतं, म्हणून नाकाखाली खुणा केलेली बादली धरा आणि आकडा सांगा. रक्त थांबवायला नाकात गॉजची पट्टी भरतात. ती एकसलग असावी आणि तिचं बाहेरचं टोक नाकपुडीला टाक्याने अडकवलेलं असावं. सुटे तुकडे भरले तर एखादा आत राहतो आणि आठवड्याभरात असा वास सुटतो की आधीचा बरा होता. पट्टी २४ ते ७२ तासांत हळूहळू ओढून काढतात, तेव्हा थोडं रक्त येणारच. दोन्ही बाजू भरायची वेळ आली तर आधी मानेवर श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवावी लागते, कारण तोंडाने श्वास नाही. एकच बाजू भरायची असली तरी त्या नळीचं सामान उघडून शेजारी ठेवलेलं असावं.

गोळा फेकू नका

ही पायरी सर्वाधिक गाळली जाते, आणि खर्चाच्या मानाने सर्वाधिक उपयोगी हीच. काढलेला गोळा पूर्ण, देठासकट, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. गोळ्याच्या दहापट द्रव हवा. सुपारीपेक्षा मोठा असेल तर डॉक्टरांकडून त्यात सेंटीमीटर-सेंटीमीटरवर चिरा पाडून घ्या, नाहीतर फॉर्मॅलिन आत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. रुंद तोंडाची बरणी घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला गोळा ताठ झाल्यावर बाहेर येत नाही. बर्फात गोठवू नका. बरणीवर घोड्याचं नाव, वय, बाजू आणि तारीख लिहा. पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे डॉक्टरांच्या पत्रासह पाठवता येतं. गोळा साध्या दाहाचा, ऱ्हायनोस्पोरिडियमचा की कॅन्सरचा हे तिथेच कळतं.

नंतरची देखभाल

भूल पूर्ण उतरेपर्यंत, साधारण दोन तास, चारा दूर ठेवा. अर्धवट शुद्धीतला घोडा चघळतो पण नीट गिळत नाही आणि घास अन्ननलिकेत अडकतो. त्यानंतर चारा जमिनीवर, भिजवून. गव्हाणी किंवा जाळी उंच नको, डोकं खाली गेलं की नाकातला स्राव आपोआप निचरतो. कोरडी कुट्टी आणि धुळीचा भुसा पंधरा दिवस बंद. चंदी भिजवून द्या.

धनुर्वाताची लस झालेली नसेल किंवा कधी झाली ते आठवत नसेल तर त्याच दिवशी. वेदनेसाठी फ्लुनिक्सिन किलोला १.१ मिलिग्रॅम, डॉक्टर सांगतील तितके दिवस. त्यावर फेनिलब्युटाझोन या दुसऱ्या वेदनाशामकाची भर घालू नका, पोटात आणि आतड्यात व्रण होतात, किडनीलाही धक्का बसतो. जुन्या चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक किंवा केटोप्रोफेन लिहिलेलं असेल तर ती चिठ्ठी बाजूला ठेवा. ही औषधं दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांसाठी पहिल्यावर २००६ मध्ये आणि दुसऱ्यावर २०२३ मध्ये बंदी आली.

चार-पाच दिवस तांबूस पाणी येणं ठीक. थेंब थेंब सतत ताजं रक्त, ताप, पुन्हा सडका वास, चारा सोडणं यातलं काहीही ठीक नाही. उभ्या उभ्या नाकपुड्या फेंदारल्या, मान पुढे ताणली, घाम सुटला, हिरड्या निळसर पडल्या तर ती आणीबाणी आहे. मोरकी सैल करा, सावलीत आणि वाऱ्यावर उभा करा, डोकं उंच बांधू नका आणि फोन लावा. टेम्पोत न्यायची वेळ आलीच तर दोर इतका लांब ठेवा की त्याला मान खाली करता येईल.

फासाने किंवा लेझरने काढलेल्या छोट्या गोळ्यानंतर दोन आठवडे नुसतं हाताने फिरवणं. हाडाची झडप उघडली असेल तर किमान चार ते सहा आठवडे काम नाही, मग लग्नाचा मुहूर्त कितीही चांगला असो. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बूड पाहा, मग सहा महिन्यांनी एकदा. परत उगवणारा गोळा लहान असताना दहा मिनिटांत निघतो.

रेसच्या घोड्यासाठी आणखी एक गोष्ट: पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. भुलीची, वेदनेची आणि बधिर करण्याची औषधं शर्यतीनंतरच्या लघवी-रक्ताच्या नमुन्यात सापडतात. म्हणून कोणतं औषध, किती आणि कधी दिलं याची नोंद ट्रेनरकडे त्याच दिवशी गेली पाहिजे आणि शर्यतीत उतरवण्याची तारीख शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पशुवैद्यकांशी बोलूनच ठरवावी. लिग्नोकेनचा फवारा नाकात मारला होता, एवढी बारीक गोष्टही त्या नोंदीत लिहा.